व्हिसा मिळाला, पण परवाना राहिला!

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतील एक मुलगी एम.एस्सी. करण्यासाठी जर्मनीला निघाली. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करणारी, आणि घरात ऐंशी पार केलेली आजी. अशा घरातील लेक विमानात बसणार म्हटल्यावर वस्तीला आनंद झाला नसता तरच नवल. विहारात निरोप समारंभ झाला. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, चौघांची भाषणे झाली. त्यांत एक भाषण आमचेही होते. "पोरीने व्हिसा मिळवला, आता कसली काळजी!" असे वाक्य आम्ही मोठ्या तोऱ्यात टाकले आणि टाळ्या घेतल्या.

आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते. कारण काळजीचा खरा कागद पुढेच होता, आणि जमलेल्या शंभर माणसांपैकी एकालाही त्याचे नाव माहीत नव्हते. वस्तीत 'कागदपत्रांचा माणूस' म्हणून ज्याला ओळखतात त्या आम्हालाही नव्हते! त्या कागदाचे नाव निवास परवाना. त्याविषयी आम्ही जे उशिरा शिकलो ते येथे मांडत आहोत. आता आपल्या वस्त्यावस्त्यांतून मुले परदेशी निघाली आहेत. आमच्या हातून झालेली चूक दुसऱ्या वस्तीकडून होऊ नये, एवढाच हेतू.

फेब्रुवारीतला फोन

मुलगी २६ सप्टेंबरला पोचली, १ ऑक्टोबरला सत्र सुरू झाले. थंडी, बर्फ, भाषा, स्वयंपाक यांच्याशी झुंजत तिने पहिले चार महिने काढले. आणि फेब्रुवारीच्या मध्यावर एका रात्री आमचा फोन वाजला.

"काका, जय भीम. एक विचारायचं होतं. माझ्या व्हिसावर २४ मार्च अशी तारीख आहे. पण कोर्स तर दोन वर्षांचा आहे. मग २४ मार्चनंतर काय?"

आम्ही विचारले, "ही तारीख तू कधी पाहिलीस?"

"परवा. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, तुझं परमिट झालं का? मी म्हटलं, कसलं परमिट?"

आम्ही गप्प झालो. कपाटातून तिच्या व्हिसाची झेरॉक्स काढली. निघण्यापूर्वी आम्हीच तिच्या सर्व कागदांच्या तीन-तीन प्रती काढून ठेवल्या होत्या. पाहतो तर तारीख स्वच्छ छापलेली. प्रती काढताना आम्ही कागद मोजले होते, वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ही बातमी वस्तीभर झाली. कोणी म्हणाले, पोलीस पकडून विमानात बसवतात. कोणी म्हणाले, दंड होतो. मुलीची आई कामावरून थेट आमच्या दारात आली. "भाऊ, पोरीला धरतील का हो?" एवढेच विचारले आणि उंबऱ्यावर बसून राहिली. कर्ज तिच्या नजरेसमोर होते. बँकेचे शैक्षणिक कर्ज, नवऱ्याने भविष्य निर्वाह निधीतून काढलेली उचल आणि तिचे स्वतःचे होते नव्हते ते मणी-डोरले. हे सारे एका तारखेवर येऊन ठेपले होते.

दाखला आणि पडताळणी

व्हिसा आणि निवास परवाना यांतला फरक आपल्या वाचकांना समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र हे दोन निराळे कागद आहेत, हे आपल्या प्रत्येक घराला अनुभवाने ठाऊक आहे. दाखल्यावर प्रवेश मिळतो. पण पडताळणी मुदतीत आली नाही तर मिळालेला प्रवेश हातचा जातो. तसेच हे. व्हिसा म्हणजे देशात पाऊल ठेवण्याची परवानगी. तेथे राहून शिकण्याची पुढची परवानगी म्हणजे निवास परवाना. व्हिसा निघण्यापूर्वी जर्मन वकिलात देते. परवाना तेथे पोचल्यावर त्या शहरातील परदेशी नागरिकांचे कार्यालय देते. त्याला जर्मन भाषेत आउसलेंडरबेह्यॉर्डे असे अवघड नाव आहे.

विद्यार्थ्यांचा व्हिसा पुष्कळदा तीन ते सहा महिन्यांचाच असतो, कधी वर्षाचा. तो अभ्यासक्रमाइतका लांब नसतो. ती मुदत संपण्याच्या आत परवान्यासाठी अर्ज करायचा, हा नियम. परवानाही एकदम पूर्ण शिक्षणासाठी मिळेलच असे नाही. तो साधारणपणे एक ते दोन वर्षांचा असतो आणि पुढे वाढवून घ्यावा लागतो. प्रत्येक देशाची रीत निराळी. इंग्लंड-अमेरिकेचे नियम वेगळे. पण व्हिसावरची तारीख पाहा आणि पुढचा कागद कोणता ते आधीच विचारा, हे सगळीकडे लागू आहे.

जर्मनीचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. सत्राची थोडी वर्गणी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो शुल्क आहे. फी कमी म्हणून सामान्य घरातील मुले तिकडे वळत आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत ही संख्या सर्वांत मोठी होती. त्यांतील किती मुले आपल्यासारख्या घरांतली, हे कोणी मोजलेले दिसत नाही. परंतु आमच्या एका वस्तीतून एक गेली आणि दोघे तयारीला लागले आहेत.

निघण्यापूर्वीचे दोन डोंगर

परवान्याची तयारी खरे तर घर सोडण्यापूर्वीच सुरू होते. पहिला डोंगर म्हणजे पदव्यांची तपासणी. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातील बहुतेक विद्यार्थ्यांना ए.पी.एस. नावाचे प्रमाणपत्र व्हिसापूर्वी घ्यावे लागते. दिल्लीतील जर्मन वकिलातीशी जोडलेले एक कार्यालय आपली गुणपत्रके व पदवी खरी आहे की नाही हे तपासून ते देते. यात वेळ जातो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पदवीवर दुसरे, आधारवर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास असते. शाळेत गुरुजींनी लिहिले तेच पुढे चालू राहते. ही दुरुस्ती पोर बारावीला असतानाच करून घ्यावी. पासपोर्ट निघाल्यानंतर ती जड जाते.

दुसरा डोंगर पैशाचा. विद्यार्थी तेथे स्वतःचा खर्च भागवू शकेल, हे सरकारला दाखवावे लागते. त्यासाठी अनेक जण एक खास खाते उघडतात. त्याला श्पेरकोन्टो म्हणतात, म्हणजे बांधून ठेवलेले खाते. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यांतून महिन्याला ९९२ युरोच हाती पडतात. युरोचा भाव शंभर रुपये धरला तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. मात्र हे पैसे फी म्हणून जात नाहीत. ते मुलाचेच असतात. त्यांवरच तो वर्षभर खातो, राहतो.

मान्य शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर हे खाते पूर्ण किंवा काही अंशी टळते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. तिच्या वर्षाला ७५ जागा आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा असून त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. वय पस्तिशीच्या आत, पदवीला किमान ६० टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, या तिच्या मुख्य अटी. विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीचीही अट असते आणि ती बदलत राहते, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. आमच्या मुलीने अर्ज केला होता. यादीत नाव लागले नाही. म्हणून कर्ज.

पहिले पंधरा दिवस

तेथे पोचल्यावर पहिले काम पत्त्याच्या नोंदणीचे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा, असा तेथील कायदा आहे. त्या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते, नुसता भाडेकरार पुरत नाही. ही नोंदणी म्हणजे पुढच्या सर्व कागदांचा पाया. बँक, कर क्रमांक, निवास परवाना, सगळे त्यावर उभे.

येथेच मुले फसतात. स्वस्त खोली मिळते, पण मालक किंवा खोली देणारा भाडेकरू म्हणतो, "राहा खुशाल, पत्ता मात्र येथे नोंदवू नकोस." भाडे कमी म्हणून मुले मान डोलावतात. आपल्याकडे भाडेकरार न करता राहण्याची सवयच असते, त्यामुळे यात काही वावगे वाटत नाही. पण पत्ता नोंदला नाही तर पुढचा एकही कागद हलत नाही. म्हणून पालकांना आमचे सांगणे, मुलाचा फोन आला की "जेवलास का?" याच्या पाठोपाठ "पत्ता नोंदवलास का?" हेही विचारा.

दुसरे काम आरोग्य विम्याचे. विम्याशिवाय विद्यापीठ नाव दाखल करत नाही आणि परवानाही मिळत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सरकारमान्य सार्वजनिक विमा सवलतीत मिळतो. २०२५ साली तो महिन्याला साधारण १४० ते १५० युरोच्या आसपास होता. खासगी विमा स्वस्त दिसतो. पण एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेऊन खासगीकडे गेले की ते शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. चार पैसे वाचवायला जाऊन ही सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

खिडकीच्या आतून पाहिलेला अर्ज

आता परवान्याचा अर्ज. आम्ही बावीस वर्षे एका कार्यालयात कारकुनी करीत आहोत, त्यांतली बरीच आवक-जावक टेबलावर गेली. खिडकीच्या आत बसणारा माणूस अर्जाकडे कसा पाहतो, हे आम्हाला माहीत आहे. तो अर्जदाराची हुशारी पाहत नाही, गरिबी पाहत नाही, त्याचे अश्रूही पाहत नाही. तो एवढेच पाहतो की कागद पुरे आहेत का, तारखा जुळतात का, नाव सगळीकडे एकच आहे का. पुरा अर्ज पुढे सरकतो. अपुऱ्या अर्जावर त्रुटीचा शेरा पडतो आणि तो गठ्ठ्याच्या तळाशी जातो. खिडकी दादरची असो वा जर्मनीची, हा धर्म सारखाच.

लागणारे कागद असे : भरलेला अर्ज, मुदतीतला पासपोर्ट, विद्यापीठात नाव दाखल असल्याचे चालू सत्राचे प्रमाणपत्र, पत्त्याची नोंदणी व भाडेकरार, आरोग्य विम्याचे प्रमाणपत्र, आणि पैशाचा पुरावा, म्हणजे बांधीव खाते किंवा शिष्यवृत्तीचे पत्र. पहिल्या परवान्याचे शुल्क साधारण १०० युरो. १ मे २०२५ पासून कागदी फोटोची पद्धत बंद झाली आहे. फोटो कार्यालयातील यंत्रावर किंवा मान्यताप्राप्त छायाचित्रकाराकडून डिजिटल पद्धतीने द्यावा लागतो. बोटांचे ठसेही घेतात. परवाना म्हणजे एक प्लास्टिकचे कार्ड असते. ते बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होते आणि हाती यायला कित्येक आठवडे लागतात.

शहराशहराप्रमाणे यात थोडा फरक पडतो. कोठे अर्ज संगणकावरून भरतात, कोठे आधी भेटीची वेळ घ्यावी लागते. मोठ्या शहरांत भेटीची वेळ महिनोन् महिने मिळत नाही. म्हणून पत्ता नोंदवला की त्याच आठवड्यात या कार्यालयाची रीत पाहून घ्यावी, शेवटच्या महिन्याची वाट पाहू नये. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक वेगळा कक्ष असतो. तेथे फुकट सल्ला मिळतो. आमच्या मुलीला हा कक्ष पहिल्या दिवसापासून माहीत होता. पण "सगळ्यांना येतं, मलाच येत नाही असं दिसेल" म्हणून ती तेथे गेलीच नाही. ही भीड आपल्या मुलांची जुनी वैरीण. कॉलेजात फीसवलतीचा अर्ज मागायला जाताना जी मान खाली जाते, तीच तेथेही जाते. विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे. ती खिडकी त्यासाठीच उघडलेली असते.

पोच घेतलीस का?

फेब्रुवारीतल्या त्या फोननंतर मुलगी कामाला लागली. भेटीची वेळ मिळेना. मग विद्यापीठाच्या कक्षातील बाईंनी तिला समजावले की भेट केव्हाही मिळो, अर्ज मात्र मुदतीपूर्वी पोचला पाहिजे. तिने सर्व कागद जोडून १० मार्चला संगणकावरून अर्ज केला. मुदत संपायला चौदा दिवस होते.

तिने फोनवर हे सांगताच आमच्या तोंडून कारकुनी प्रश्न गेला, "पोच घेतलीस का?"

"म्हणजे?"

"अर्ज मिळाल्याचा काही नंबर, काही उत्तर आलं का?"

आपोआप येणारे एक उत्तर आले होते; त्यावर तारीख आणि क्रमांक होता. आम्ही म्हटले, त्याचा कागद छापून घे आणि पासपोर्टमध्ये ठेव. आयुष्यात आम्ही पुष्कळ सल्ले दिले, त्यांतले निम्मे वाया गेले असतील. हा एक उपयोगी पडला.

कारण तेथील कायद्यात एक चांगली तरतूद आहे. आधीच्या व्हिसाची किंवा परवान्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी चालू आहे असे मानले जाते. निवास कायद्याच्या ८१ व्या कलमात हे आहे. म्हणजे २४ मार्च उलटल्यावर ती मुलगी बेकायदा ठरली नाही. कोणी धरले नाही, कोणी विमानात बसवले नाही. आम्ही तिच्या आईला घरी जाऊन हे समजावून सांगितले. त्या माउलीने त्या दिवशी दोन महिन्यांनी पोटभर जेवण केले. अर्ज २५ मार्चला गेला असता तर मात्र गोष्ट वेगळी होती. मग कायद्याचा हात सुटतो आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागते.

जे परत मिळत नाही ते

येथे ही हकीकत संपली असती तर आम्ही हा लेख कदाचित लिहिलाही नसता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजी गेली. नातीला लहानपणी कडेवर घेऊन शाळेत सोडणारी, तिची वह्या-पुस्तके स्वतःच्या लुगड्याच्या पदरात बांधून ठेवणारी आजी. रात्री छातीत दुखले आणि पहाटे संपले. मुलीला कळवले. ती एकच म्हणाली, "काका, मी निघते. तिकिटाचं बघते."

आणि तेव्हा त्या कागदाची खरी किंमत कळली. जुनी परवानगी चालू आहे असे कायदा मानत होता, पण ते दाखवणारा शिक्क्याचा कागद तिच्या हाती नव्हता. तो एक तात्पुरता दाखला असतो. फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग असे त्याचे नाव. अर्ज मुदतीत आला आणि जुनी परवानगी चालू आहे असे त्यावर नोंदलेले असेल, तर तो पासपोर्टसोबत दाखवून बाहेर जाता येते आणि परत येता येते. तो दाखला कार्यालय देते. पण तिला तो अजून मिळाला नव्हता. तिच्याजवळ होता तो मुदत संपलेला व्हिसा आणि संगणकाची पोच. बाहेर पडणे सोपे होते. परत येताना विमानतळावरच अडवले तर? शिक्षण, कर्ज, सगळे अर्ध्यावर.

वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काय सांगणार? शेवटी त्यांनीच फोन घेतला. म्हणाले, "बाळा, येऊ नको. आजीला तू शिकलेली बघायची होती."

अंत्ययात्रेच्या वेळी आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते, तिकडे आठ. कोणीतरी मोबाईल उंच धरला. पडद्यावर पोरीचा चेहरा, आणि मागे खिडकीतून दिसणारे परक्या देशाचे आभाळ. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही ती तशीच मोबाईलवर होती. मेच्या पहिल्या आठवड्यात तात्पुरता दाखला आला. परवान्याचे कार्ड जुलैत आले. दाखला महिनाभर आधी आला असता तर नात आजीच्या पायांना हात लावू शकली असती.

आम्ही मनाशी हिशेब केला. तिने ऑक्टोबरमध्ये पत्ता नोंदवला त्याच आठवड्यात अर्ज झाला असता, तर एप्रिलपर्यंत कार्ड हातात असणे शक्य होते. पण ऑक्टोबरमध्ये तिला हे सांगणारे कोण होते? निरोपाच्या भाषणात टाळ्या घेणारे आम्हीच होतो. दोष कार्यालयाचा थोडा असेल, पोरीचा थोडा असेल. पण तिच्या घरात या वाटेने पूर्वी कोणी गेलेले नव्हते, आणि ज्यांनी वाट दाखवायची त्यांनी तारीख वाचली नव्हती. ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या लोक परदेशी जातात त्यांच्याकडे अशा गोष्टी जेवताना बोलल्या जातात. आपल्याकडे त्या लिहून ठेवाव्या लागतील.

कार्ड हाती आल्यावर

कार्ड आले म्हणजे सुटलो, असेही नाही. त्याबरोबर अटी येतात आणि त्या वाचायच्या असतात. १ मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पूर्वी ही मर्यादा १२० व २४० होती. कामाचे दिवस वहीत मांडून ठेवावेत. नोकरी चालते, पण स्वतःचा धंदा म्हणून काम करायला वेगळी परवानगी लागते. खाद्यपदार्थ पोचवण्याचे काम कोणी 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून देऊ करत असेल, तर त्यात अडकू नये.

विषय किंवा विद्यापीठ बदलायचे असेल तर आधी कार्यालयाला विचारावे. शिक्षण मध्येच सुटले तर दोन आठवड्यांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. परवानगी न घेता सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिले तर परवाना आपोआप रद्द होतो. घरी आजारपण आले म्हणून लांबणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. मुदत वाढवताना पैशाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या वर्षाचे बारा लाख दाखवले, आता दुसऱ्या वर्षी कोण विचारतो, असे समजून चालू नये. आणि शिक्षण यशस्वीपणे पूर्ण झाले, तर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंत राहण्याचा परवाना मिळतो. तोही मागावा लागतो आणि तोही जुनी मुदत संपण्याच्या आत.

मुदतीचे भान आपल्याला नवे नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९१६ साली लंडनला पोचले. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परत येण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा अभ्यास सुरू करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. ती संपण्यापूर्वी, १९२० साली, ते पुन्हा लंडनला पोचले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. पूर्ण केली. त्यांच्या विद्वत्तेची आपण जयंतीला गाणी गातो. त्यांनी जपून ठेवलेल्या त्या परवानगीची आणि तिच्या मुदतीचीही आठवण आपल्या मुलांना करून द्यावी.

वस्तीने काय करावे

आमच्या वस्तीने आता एक साधी पद्धत ठेवली आहे. परदेशी निघालेल्या मुलाची एक वही करायची. पहिल्या पानावर चार तारखा मोठ्या अक्षरांत : पासपोर्टची मुदत, व्हिसाची मुदत, पत्ता नोंदवण्याची शेवटची तारीख, परवान्याचा अर्ज कधी करायचा ती तारीख. एक प्रत मुलाजवळ, एक घरात भिंतीवर, एक अभ्यासिकेत. आईला वाचता येत नसेल तर धाकट्या भावंडाने दर महिन्याच्या एक तारखेला वाचून दाखवायची. निरोप समारंभ होतोच. पण शाल देण्यापूर्वी व्हिसावरची तारीख सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाते. पहिल्यांदा लोक हसले. आता हसत नाहीत.

तयारीला लागलेल्या दोघांपैकी एकाच्या वडिलांनी परवा आम्हाला रस्त्यात थांबवले. हातगाडीवर भाजी विकतात, सही मराठीत करतात. खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलाने लिहून दिलेल्या तारखा होत्या. म्हणाले, "भाऊ, ही शेवटची तारीख लई जवळची वाटती. पोराला आधीच अर्ज करायला सांगू का?"

आम्ही म्हटले, "सांगा. आणि पोच घ्यायलाही सांगा."

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. मुदतवाढीचा अर्ज तिने मुदतीच्या तीन महिने आधीच केला आणि पोचेची प्रत न विचारता आम्हाला पाठवली. ती आम्ही तिच्या वहीत लावली आहे. त्याच वहीत मागच्या बाजूला तिने मागून घेतलेला आजीचा एक फोटो आहे. वही अभ्यासिकेच्या टेबलावर असते. येणारा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी ती चाळते. आम्ही काही बोलत नाही. पहिले पान उघडून ठेवतो, एवढेच.